जुन्या आरएक्स १०० चे इंजिन घरी बांधताना: पिस्टनच्या आधी सील तपासा

आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाला आहे ते नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. १९९४ सालची, वडिलांच्या वापरातली यामाहा आरएक्स १०० चिपळूणच्या घरी पडवीत सुमारे आठ वर्षे उभी होती. आता ती बऱ्याच किका मारल्यावर सुरू होते, इंजिन चांगले गरम झाल्यावरही पांढरट-निळा धूर थांबत नाही, थ्रॉटल सोडला तरी कधीकधी रेस चढलेलीच राहते आणि इंजिनातून बारीक खडखड ऐकू येते. गावातल्या मेकॅनिकने ब्लॉक-पिस्टन बदलायला सांगितले आहे. आपल्याकडे पान्यांचा संच, जागा आणि सवड आहे. तेव्हा हे काम घरी करता येईल का, आणि नेमके काय काय बदलावे, असे आपण विचारले आहे.

घरी करता येईल. ५० मि.मी. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ५० मि.मी. स्ट्रोकचे (पिस्टनची वर-खाली धाव) हे ९८ सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन असून त्यात कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाहीत, टायमिंग चेन नाही. परंतु आपण सांगितलेल्या चार लक्षणांपैकी दोन लक्षणांचा पिस्टनशी फारसा संबंध नाही. थांबता न थांबणारा धूर आणि न उतरणारी रेस ही ती दोन. नवा ब्लॉक-पिस्टन टाकून थोड्याच दिवसांत पुन्हा सीझ झालेली, म्हणजे पिस्टन आत अडकून जाम झालेली, जी इंजिने माझ्याकडे येतात, त्यांच्या मालकांना विचारले की बहुतेक वेळा हीच दोन लक्षणे आधीपासून होती असे कळते. म्हणून पिस्टनची ऑर्डर देण्याआधी थोडे थांबावे, असे माझे मत आहे.

कारण असे की टू-स्ट्रोक इंजिनात चेंबर, म्हणजे ज्या दोन भागांच्या पेटीत क्रँक फिरते ती जागा, हा स्वतःच एक पंप असतो. पिस्टन वर जाताना चेंबरमधला दाब कमी होतो आणि रीड वाल्वच्या पाकळ्या उघडून कार्ब्युरेटरकडून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत येते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन ट्रान्सफर पोर्टांतून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांतून, सिलिंडरमध्ये चढते. फोर-स्ट्रोक गाडीत क्रँकचे सील (हवा आणि ऑइल अडवणारी रबरी कडी) गेले तर फार तर जमिनीवर ऑइलचा डाग पडतो. इथे सील गेले तर वायसर झिजलेल्या सायकलच्या पंपासारखी अवस्था होते: किक मारावी तेवढे मिश्रण वर पोहोचतच नाही, आणि जे पोहोचते त्याचे प्रमाण बिघडलेले असते.

क्रँकला दोन बाजूंना दोन सील असतात आणि दोघांच्या बिघाडाची लक्षणे निराळी असतात. डावीकडे, मॅग्नेटच्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) मागे असलेल्या सीलच्या बाहेर नुसती हवा आहे. ते कडक झाले की चेंबर बाहेरची हवा ओढतो, मिश्रण पातळ होते (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस आपोआप चढते आणि पिस्टन गरजेपेक्षा जास्त तापतो. उजवीकडे, क्लचच्या बाजूच्या सीलच्या बाहेर गिअरबॉक्सचे ऑइल आहे. ते गळू लागले की चेंबर गिअर ऑइल ओढून जाळतो, त्यामुळे इंजिन गरम झाले तरी धूर राहतो, प्लग वारंवार ओला-काळा होतो आणि गिअर ऑइलची पातळी कमी होत जाते, पण खाली थेंबही दिसत नाही. आपल्या गाडीत दोन्ही लक्षणे आहेत. तीस वर्षांचे रबर, त्यातली आठ वर्षे कोकणच्या दमट हवेत एकाच जागी टेकलेले. ते दोन्हीकडून गेले असेल तर नवल नाही.

तरीही एक सावधगिरी बाळगावी. आठ वर्षे उभ्या असलेल्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये जुने ऑइल साचलेले असते आणि ते जळून संपेपर्यंत कोणतेही टू-स्ट्रोक इंजिन धूर काढते. टू-टी ऑइलच्या (पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-स्ट्रोक ऑइलच्या) पंपाची केबल चुकीची लावलेली असली तरी धूर वाढतो. म्हणून धुरावरून लगेच निष्कर्ष काढू नये. गिअर ऑइल काढून मोजावे, त्याला पेट्रोलचा वास येतो का पाहावे, आणि मग पुढची चाचणी करावी.

ही चाचणी मी इंजिन उघडण्याआधी एकदा आणि बांधून झाल्यावर एकदा करतो. तिच्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजण्याच्या जुन्या काट्याच्या यंत्राचा रबरी फुगा आणि डायल पुरेशी होते, कारण त्याची डायल ३०० मि.मी. पाऱ्यापर्यंत असते आणि तो दाब म्हणजे सुमारे ०.४ किलो प्रति चौरस सें.मी., जो या चाचणीला अगदी योग्य आहे. याहून फार जास्त दाब दिल्यास चांगले सीलही जागेवरून सुटू शकते, म्हणून टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर इथे वापरू नये. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडावर जुन्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर लोखंडी पट्टी नटांनी आवळावी. कार्ब्युरेटर काढून इनटेकच्या रबरात भोक पाडलेले बूच घट्ट बसवावे आणि त्या भोकातून फुग्याची नळी आत घ्यावी. टू-टी ऑइलच्या नळीचे तोंडही बंद करावे. प्लग जागेवरच राहू द्यावा. हवा इनटेकच्या बाजूने भरण्याचे कारण असे, की त्यामुळे रीडच्या पाकळ्या उघडतात आणि रीडच्या अलीकडची पॅकिंगदेखील तपासली जाते. पिस्टन अगदी खाली आणावा, म्हणजे पोर्ट उघडे राहून चेंबर आणि सिलिंडर एकत्र जोडले जातात.

काटा २५० ते ३०० च्या दरम्यान नेऊन घड्याळ लावावे. एका मिनिटात काटा ५० मि.मी. पेक्षा कमी उतरला तर इंजिन हवाबंद आहे असे मी धरतो. त्याहून भराभर उतरला तर साबणाचे पाणी ब्रशने लावत गळती शोधावी: मॅग्नेट काढून डाव्या सीलभोवती, ब्लॉकच्या बुडाच्या पॅकिंगवर, हेडच्या सांध्यावर, प्लगच्या आट्यांवर, चेंबरच्या दोन भागांच्या जोडावर. उजवे सील झाकणाच्या आत असल्यामुळे दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरायचे झाकण काढून त्या तोंडावर साबणाचा पडदा धरावा. पडदा फुगू लागला तर चेंबरमधली हवा गिअरबॉक्समध्ये जात आहे, म्हणजे उजवे सील गेले. या एका तपासणीने आपल्या चारपैकी दोन लक्षणांचा निकाल लागतो.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो. गाडी पडवीत नुसती उभी होती की तिच्यात कधी पाणी शिरले, यावर पुढचे बरेच काही ठरते. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला आलेल्या पुराचे पाणी या गाडीच्या इंजिनापर्यंत पोहोचले असेल, तर चाचणी वगैरे सोडून चेंबर सरळ पूर्ण उघडावा. गाळाचे पाणी क्रँकच्या बेरिंगमध्ये एकदा गेले की ते बेरिंग पुन्हा वापरण्यालायक नसते. पाणी शिरले नसेल आणि गिअर नीट पडत असतील, तर गिअरबॉक्सच्या आतले भाग बदलायची गरज बहुधा पडत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बोअरिंगचे आणि क्रँक प्रेसचे चांगले दुकान आपल्याला किती जवळ आहे. मी कोल्हापुरात असल्यामुळे उद्यमनगरात ही दोन्ही कामे होतात. आपल्याला कुंभार्ली घाट चढून कऱ्हाड-कोल्हापूरला यावे लागले तर ब्लॉक आणि क्रँक एकाच खेपेत आणता येतील अशा बेताने काम आखावे.

घरी काय आणि बाहेर काय, याची माझी वाटणी ठरलेली आहे. उघडणे, धुणे, मोजणे, बेरिंग आणि सील बदलणे, बांधणे, इग्निशनचे टायमिंग आणि चाचणी, हे सगळे घरी. बोअर-होनिंग (सिलिंडर आतून कापून मोठा करणे आणि दगडाने घासून गुळगुळीत करणे) आणि क्रँक उघडून पुन्हा सरळ करणे, ही दोन कामे बाहेर, कारण त्यांना लागणारी यंत्रे आणि हात घरी नसतात.

उघडताना दोन हत्यारांवर पैसे वाचवू नयेत. पहिले म्हणजे मॅग्नेटचा पुलर. हातोडी मारून मॅग्नेट काढताना क्रँक वाकते, आणि ती वाकली आहे हे डोळ्यांना दिसत नाही. याच गाडीचा पुलर मागावा आणि त्याचे आटे कोणत्या बाजूने फिरतात हे आधी बोटांनी फिरवून पाहावे. दुसरे म्हणजे हातोडीने ठोकून चालवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. झाकणांचे जुने चौफुली स्क्रू साध्या ड्रायव्हरने हमखास गोल होतात. प्रत्येक झाकणाचे स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात, म्हणून पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून त्या त्या जागी स्क्रू खोचून ठेवावेत.

ब्लॉक निघाल्यावर जुना पिस्टन फेकून देण्याआधी नीट पाहावा, कारण इंजिनाला आधी काय झाले होते ते त्याच्यावर दिसते. ओरखडे फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर पातळ मिश्रण किंवा ऑइलची कमतरता हे कारण असण्याची शक्यता मोठी असते. चारही कोपऱ्यांवर सारखे ओरखडे असतील तर बोअर फार घट्ट ठेवला होता किंवा थंड इंजिनावर एकदम रेस दिली होती. रिंगांच्या खालीपर्यंत तपकिरी-काळे पट्टे उतरले असतील तर रिंगा ज्वाला अडवीत नव्हत्या. माथ्यावर कोरलेला आकडाही पाहावा. काहीच नसेल किंवा एसटीडी असेल तर मूळ साइझ, ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० असे आकडे असतील तर ब्लॉक तेवढ्या मि.मी. ने मोठा झालेला आहे. शेवटच्या साइझलाही झीज झाली असेल तर नवी स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली लोखंडी नळी) बसवावी लागते.

ब्लॉक खरोखर झिजला आहे का, हे बोअर गेजशिवाय घरी कळण्याची एक पद्धत आहे. नवी रिंग, पिस्टनवर न चढवता, नुसती ब्लॉकमध्ये ठेवावी आणि पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ बसवावी. ब्लॉकच्या अगदी तळाशी, जिथे रिंग कधी घासत नाही, तिथे तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. मग वरच्या बाजूला, रिंग जिथून मागे फिरते त्याच्या जरा खाली पुन्हा मोजावी. दोन फटींतला फरक ३.१४ ने भागला की व्यासातला फरक मिळतो, कारण रिंगेची फट परिघाबरोबर वाढते. उदाहरणार्थ, खाली ०.३० आणि वर ०.५५ मि.मी. आली तर फरक ०.२५, म्हणजे बोअर वरती सुमारे ०.०८ मि.मी. ने पसरला आहे. एवढ्या झिजेला नवा पिस्टन जुन्याच बोअरमध्ये टाकणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. हाच फरक ०.०२-०.०३ च्या आत असेल, ओरखडे नसतील आणि पिस्टनही ठीक असेल, तर हलके होनिंग आणि नव्या रिंगा एवढ्यावर काम भागू शकते. मेकॅनिकने न मोजता ब्लॉक-पिस्टन सांगितले असेल तर ते बरोबरही निघू शकेल, पण मोजून मग ठरवावे.

बोअर करायचा झाल्यास पिस्टन आधी विकत घ्यावा आणि ब्लॉकबरोबर तो दुकानात द्यावा. एकाच साइझच्या दोन पिस्टनांत शतांशाचा फरक असतो आणि बोअर पिस्टनच्या मापाला करायचा असतो, डब्यावरच्या आकड्याला नव्हे. पिस्टनच्या पाकिटावर किंवा माथ्यावर फट किती ठेवावी हे दिलेले असेल तर तेच पाळावे. हवेने थंड होणाऱ्या अशा लहान इंजिनात ती साधारण ०.०३ ते ०.०५ मि.मी. असते. पिस्टनचे माप माथ्यावर घेऊ नये, खालच्या घेरावर (स्कर्टवर), गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात घ्यावे. मायक्रोमीटर मागून आणणार असाल तर लक्षात असू द्या, की मूळ साइझचा पिस्टन २५-५० च्या मायक्रोमीटरमध्ये मावतो, पण ५०.२५ चा मावत नाही. त्याला ५०-७५ चा लागतो.

बोअर करून ब्लॉक परत आला की दोन गोष्टी स्वतः पाहाव्यात. पोर्टांच्या कडा बोटाला धारदार लागता कामा नयेत; त्या किंचित मारलेल्या नसतील तर रिंग पहिल्याच दिवशी अडकून तुटू शकते. हे काम दुकानदार पुष्कळदा विसरतात, म्हणून आधीच सांगून ठेवावे. दुसरे म्हणजे धुणे. होनिंगच्या दगडाची बारीक पूड पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि ब्रश घेऊन धुवावे, पांढरे फडके बोअरमधून फिरवून ते पांढरेच निघेपर्यंत धुवावे, आणि वाळताच ऑइलचा हात द्यावा. चिपळूणच्या हवेत तासाभरात गंज धरतो. एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्टीने खरवडावा. सायलेन्सर साफ करायला लोक कॉस्टिक सोडा वापरतात, तो सायलेन्सरच्या लोखंडापुरताच ठेवावा. ब्लॉक, हेड आणि पिस्टन ॲल्युमिनियमचे असल्यामुळे कॉस्टिक त्यांना खाऊन टाकते.

खडखडीकडे आता येऊ. ती पिस्टनची असू शकते, गजन पिनच्या लहान बेरिंगची असू शकते किंवा क्रँकच्या मोठ्या बेरिंगची. ब्लॉक काढल्यावर कनेक्टिंग रॉड सर्वांत वरच्या स्थितीत आणून सरळ वर ओढावा आणि खाली दाबावा. वर-खाली जराही टकटक जाणवली तर मोठे बेरिंग गेले. रॉडचे वरचे टोक डावी-उजवीकडे मात्र थोडे डोलतेच. सुमारे एक मि.मी. डोलणे स्वाभाविक आहे, दोन मि.मी. च्या वर गेले तर रॉड किट बदलावे. आठ वर्षे उभ्या गाडीत आणखी एक गोष्ट पाहतो: क्रँक हळूहळू हाताने फिरवताना कुठे किरकिर किंवा अडखळ जाणवते का. बेरिंगच्या गोळ्यांवर जिथे दमटपणा साचून गंजाचा ठिपका पडतो, तिथे ते अडखळते. तसे असेल तर क्रँकचे बेरिंग बदलण्यासाठी चेंबर उघडावाच लागतो, आणि एकदा चेंबर उघडला की दोन्ही सील, दोन्ही बेरिंग आणि सगळी पॅकिंग नवी टाकण्यावाचून दुसरा विचार करू नये.

डावे सील बहुधा चेंबर न उघडता बाहेरून बदलता येते. उजव्याच्या बाबतीत नवे सील हातात घेऊन त्याची बाहेरची कड पाहावी. कडेला उभा कंगोरा असेल तर ते चेंबरच्या खाचेत बसणारे आहे आणि चेंबर उघडल्याशिवाय निघणार नाही. जुने सील काढण्याआधी त्याची स्प्रिंगची बाजू कोणीकडे होती याचा मोबाइलवर फोटो काढावा. बसवताना ओठाला ऑइल लावावे आणि क्रँकच्या चावीच्या खाचेवर चिकटपट्टी गुंडाळावी, नाहीतर नवे सील त्या खाचेवरच कापले जाते. जुने सील जिथे टेकत होते तिथे क्रँकवर नखाला लागेल एवढी चर पडली असेल, तर नवे सील थोडे आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर टेकवता येतो का ते पाहावे.

चेंबरचे दोन भाग वेगळे करताना स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सांध्यात घालू नये. तिथे पडलेला एक ओरखडा म्हणजे आयुष्यभराची गळती. सगळे स्क्रू निघाले आहेत याची खात्री करून रबरी किंवा लाकडी हातोडीने फिरत्या बाजूंनी ठोकावे. बेरिंग काढायला आणि बसवायला चेंबर तापवावा. पाण्याचा थेंब टाकल्यावर तडतडून उडाला की पुरे. नवे बेरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवले तर तापलेल्या चेंबरमध्ये ते जवळजवळ हातानेच बसते. बेरिंग घेताना जुन्यावर कोरलेला क्रमांक शेवटच्या सी-३ सारख्या खुणेसह उतरवून न्यावा, कारण ती खूण आतली मोकळीक किती हे सांगते. नुसता क्रमांक जुळला तरी कमी मोकळीकीचे बेरिंग गरम इंजिनात आवळते.

क्रँक दुकानात दिल्यास परत घेताना डायल गेज लावून दाखवायला सांगावे. दोन्ही टोकांचा फेर ०.०३ मि.मी. च्या आत असायला हवा. हे सांगितल्यावर नाराज होणाऱ्या दुकानात मी क्रँक देत नाही.

एक कायदेशीर बाब इथेच सांगून टाकतो. इंजिन क्रमांक चेंबरवर कोरलेला असतो. आपला चेंबर फुटका निघाला तरी भंगारातून दुसऱ्या गाडीचा चेंबर आणून बसवू नये. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या नोंदणीच्या नूतनीकरणात क्रमांक जुळला नाही तर गाडी अडकते. ॲल्युमिनियमचे वेल्डिंग करणारे चांगले कारागीर मिळतात, आपलाच चेंबर दुरुस्त करून घ्यावा.

बांधणीचा क्रम थोडक्यात असा: बेरिंग आणि क्रँक, चेंबरचा सांधा, सील, मग रॉडच्या टोकाचे छोटे बेरिंग, पिस्टन, ब्लॉक, हेड, आणि सगळ्यांत शेवटी पुन्हा फुग्याची चाचणी. सांध्याला गॅस्केट सिलिकॉनचा अगदी पातळ थर लावावा. बाहेर ओघळणारे सिलिकॉन दिसते, पण तेवढेच आतही ओघळलेले असते आणि ते ऑइलच्या वाटा बुजवते. पिस्टनच्या माथ्यावरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे पुढे ठेवावा. रिंगेवर अक्षर असेल ती बाजू वर, आणि खाचेत असलेली बारीक पिन रिंगेच्या दोन टोकांच्या मध्ये आलीच पाहिजे. ती पिन रिंगेला फिरू देत नाही, म्हणून टोके पोर्टात अडकत नाहीत. नव्या रिंगेची फट ०.१५ ते ०.३५ मि.मी. च्या दरम्यान आहे हे आधीच मोजून घ्यावे. गजन पिनचे लॉक प्रत्येक वेळी नवे घ्यावेत, बसवताना चेंबरचे तोंड फडक्याने बंद ठेवावे. हेडचे नट समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळावेत. रीडच्या पाकळ्या उजेडासमोर धरून पाहाव्यात. कडा तुटलेल्या किंवा पाकळी बैठकीपासून उचललेली असेल तर तीही बदलावी.

इंजिन सुरू करण्याआधी टू-टी ऑइलच्या पंपातली हवा काढणे फार महत्त्वाचे आहे. पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्यावे, आणि केबल अशी लावावी की पंपाच्या चाकावरची खूण मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या थ्रॉटलच्या स्थितीत जुळेल. पंपावर विश्वास बसेपर्यंत पहिल्या टाकीत दर लिटर पेट्रोलला २० मि.लि. टू-टी ऑइल वेगळे मिसळावे. थोडा जास्त धूर होईल, तो होऊ द्यावा. ऑइल जासो (टू-स्ट्रोक ऑइलचे जपानी मानक) एफसी किंवा एफडी दर्जाचे घ्यावे. गिअरबॉक्समध्ये मात्र मोटारसायकलचेच ऑइल घालावे, कारण क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो.

पेट्रोलबद्दल वेगळे सांगायला हवे. ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात बनत होती आणि तिचे जेट त्या वेळच्या पेट्रोलसाठी ठरवलेले होते. आज पंपावर मिळते ते २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे जे काम फाटके सील करत होते तेच थोड्या प्रमाणात पेट्रोल करते. म्हणून नव्या पिस्टनवर मी कार्ब्युरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली लावतो, ज्यामुळे सुई वर उचलली जाऊन मिश्रण जाड होते, आणि प्लगचा रंग चॉकलेटी येईपर्यंत तसेच ठेवतो. इथेनॉल पाणी शोषते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करावी. सील आणि रबरी नळ्या घेताना विटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या खास रबराच्या) मिळाल्या तर त्या घ्याव्यात.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर तीन-चार मिनिटे चालवून बंद करावे आणि पूर्ण थंड होऊ द्यावे, मग हेडचे नट पुन्हा तपासावेत. उभ्या गाडीवर अर्धा-अर्धा तास रेस देत बसू नये. वारा लागत नसल्यामुळे इंजिन नुसते तापते. पहिले ५०० कि.मी. थ्रॉटल अर्ध्याच्या पुढे नेऊ नये, एकाच वेगात फार वेळ चालवू नये आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हत ठेवू नये.

आपल्या भागात घाटाचा मुद्दा मात्र खास लक्षात ठेवावा. कुंभार्ली घाट चढताना नव्या पिस्टनवर ताण येतो हे सगळ्यांना कळते, पण धोका उतरताना जास्त असतो. थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन वेगात फिरते आहे. आणि पंपाची केबल थ्रॉटलला जोडलेली असल्यामुळे त्याच वेळी ऑइल मात्र सर्वांत कमी मिळते. लांब उतारावर अधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी, म्हणजे पिस्टनला ऑइल पोहोचते. पहिल्या ५०० कि.मी. मध्ये तो घाट टाळता आला तर उत्तमच.

शंभर-दोनशे कि.मी. झाल्यावर गिअर ऑइल काढून मोजावे आणि नवे भरावे. घातले तेवढेच निघाले तर उजवे सील नीट बसले आहे.

सध्या एवढेच करावे: फुग्याची चाचणी घ्यावी, मग हेड आणि ब्लॉक काढावा. काटा एका मिनिटात किती उतरला, पिस्टनच्या माथ्यावर कोणता आकडा आहे आणि रिंगेची वरची-खालची फट किती आली, हे तीन आकडे कळवा. त्यावरून चेंबर उघडायचा की नुसत्या डाव्या सीलवर भागेल ते सांगता येईल. तोवर पिस्टन विकत घेऊ नये.